बी विंग ग्रुप : क्रूझ डिसेंबरात, पासपोर्ट मार्चपर्यंत

*रविवार*

सुलभा कुलकर्णी (४०२): मकरंद, फोन उचलत नाहीस म्हणून इथेच विचारते. क्रूझच्या फॉर्ममध्ये ह्यांच्या पासपोर्टची मुदत ९ मार्च लिहिली. आपण १६ डिसेंबरला परत. तरी टूरवाल्यांची ती मुलगी म्हणते, "सरांचा चालणार नाही." का चालणार नाही? आम्ही दोघांचे अर्धे पैसे भरलेत.

मकरंद (१०२): वहिनी, मीटिंगमध्ये होतो.

रोहन (२०३): रविवारी रात्री साडेनऊला 😀

मकरंद (१०२): अमेरिकेतल्या क्लायंटला आपला रविवार कळत नाही रे.
वहिनी, सहा महिन्यांचा नियम आहे. प्रवास संपल्यावर पासपोर्ट अजून सहा महिने चालू पाहिजे. मी जुलैतच ग्रुपवर टाकलं होतं.

सुलभा कुलकर्णी (४०२): जुलैत तू बोटीवरच्या बुफेचे फोटो टाकले होतेस. अठरा फोटो. नियम दिसला नाही.

पाटील वहिनी (३०१): मलाही नाही दिसला.

मकरंद (१०२): फोटोंच्या खाली पीडीएफ होती.

रोहन (२०३): पीडीएफ कोण उघडतं दादा. गुहागरच्या सहलीच्या हिशोबाची पण पीडीएफच येणार होती.

मकरंद (१०२): गुहागरचा विषय इथे नको.

नेने काका (३०४): 🙏 *महत्त्वाची माहिती* 🙏 ६० वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना पासपोर्ट शुल्कात १० टक्के सवलत!! अनेकांना हे माहीतच नाही. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.

सुलभा कुलकर्णी (४०२): काका, सवलतीचं नंतर बघू. मार्चपर्यंत चालणारा पासपोर्ट डिसेंबरात का चालत नाही, हे मला कोणी तरी नीट सांगा. सरकारनेच दिलाय ना तो?

शिंदे (५०४): वहिनी, आपल्या सरकारचा प्रश्न नाही. ज्या देशात उतरतो त्यांची अट असते. आजारी पडलात, अडकलात, मुक्काम वाढला, तर तिथे असताना पासपोर्ट संपायला नको. आमच्या साडूंना मुंबई विमानतळावर काउंटरवरूनच परत पाठवलं. चार महिने शिल्लक होते. इमिग्रेशनपर्यंत पोहोचलेच नाहीत, विमान कंपनीनेच बोर्डिंग पास दिला नाही. बॅगा घेऊन पहाटे चारला घरी.

पाटील वहिनी (३०१): बापरे.

सुलभा कुलकर्णी (४०२): पण गेल्या वर्षी माझी बहीण मुंबईहून गोव्याला क्रूझने गेली. नुसत्या आधार कार्डावर.

मकरंद (१०२): ती देशातल्या देशात. कॉर्डेलियाने गोवा, लक्षद्वीप केलं तर फोटोचं ओळखपत्र पुरतं. आपण सिंगापूरला बोटीत बसणार, पेनांगला जाणार, परत सिंगापूर. दोन देश आले त्यात.

गोखले आजोबा (१०१): आम्ही भाऊच्या धक्क्यावरून कोकणसेवकने जात होतो तेव्हा तिकीट सोडून काही लागत नव्हते. डेकवर वळकटी टाकायची. विजयदुर्गला बोट लांब उभी राहायची आणि पडावात उतरून किनाऱ्याला जायचे. अर्धी माणसे ओकत असायची. बुफे नव्हता. दशमी आणि लसणीची चटणी. सिंगापूरच्या बोटीत बोट लागत नाही काय?

रोहन (२०३): आजोबा 😂 लागते की. गोळ्या बरोबर घ्यायच्या.

गोखले आजोबा (१०१): आवळासुपारी घ्या.

साठे, सेक्रेटरी (४०१): सर्व सभासदांना नम्र विनंती. हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. खासगी सहलींसाठी वेगळा ग्रुप करावा. उद्या ११ ते २ पाणी बंद राहील.

सुलभा कुलकर्णी (४०२): सोसायटीचंच काम आहे साठे साहेब. ह्यांच्या पासपोर्टवर सदाशिव पेठेचा पत्ता आहे. आधारवरही तोच. नवीन पत्त्याच्या पुराव्याला सोसायटीचं पत्र लागेल. उद्या मिळेल का?

साठे, सेक्रेटरी (४०१): लेटरहेडवरील पत्रासाठी मागील दोन तिमाहींचा मेंटेनन्स भरलेला असणे आवश्यक आहे. हे कोणा एकाला उद्देशून नाही.

सुलभा कुलकर्णी (४०२): माझ्या बेडरूमचं छत अजून गळतंय. गळती थांबेपर्यंत भरणार नाही, हे मी सर्वसाधारण सभेत सर्वांसमोर सांगितलं होतं. तुम्ही इतिवृत्तात लिहिलं नाहीत, तो भाग वेगळा.

साठे, सेक्रेटरी (४०१): इतिवृत्त नियमानुसार आहे.

शिंदे (५०४): झालं सुरू.

नेने काका (३०४): ६० वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना १० टक्के सवलत आहे. कुलकर्णी ६३ चे आहेत. मागून घ्या.

*सोमवार*

पाटील वहिनी (३०१): रात्री कपाट उघडून सगळ्यांचे बघितले. आम्हा दोघांचे २०२९ पर्यंत आहेत. अर्णवचा फेब्रुवारीत संपतोय! त्याचा दहा वर्षांचा का नाही??

प्राजक्ता (५०१): गुड मॉर्निंग. काल रात्रीचं सगळं आत्ता वाचलं. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो वहिनी. तुम्ही तो दोन वर्षांचा असताना काढला होतात ना? मग बरोबर आहे. त्यालाही सहा महिन्यांची अट लागूच.

पाटील वहिनी (३०१): आता काय करू? त्यात फोटो तर अगदी लहानपणीचा आहे.

प्राजक्ता (५०१): घाबरू नका, मुलांचं सोपं असतं. फी १००० रुपये. ॲनेक्शर डी नावाचा संमतीचा कागद साइटवरून छापून घ्या, त्यावर तुमच्या दोघांच्या सह्या. दोघांचे पासपोर्ट आणि झेरॉक्स बरोबर न्या. आई-वडील दोघांचे पासपोर्ट चालू असले की मुलांचं पोलीस व्हेरिफिकेशन सहसा करत नाहीत.

पाटील वहिनी (३०१): हे नाशिकला आहेत, शनिवारी येतील. सही तेव्हाच.

प्राजक्ता (५०१): चालेल की. फॉर्म आज भरा, अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली घ्या.
सुलभाकाकू, आता काकांचं. फॉर्ममध्ये "रीइश्यू" निवडायचं, म्हणजे जुन्याच्या बदली नवा, "फ्रेश" नाही. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतं, म्हणजे हे मार्चपासूनच करता आलं असतं. साधी फी १५००, ३६ पानी. तात्काळला २००० जास्त. आत्ता तीन महिने हातात आहेत, तात्काळची गरज नाही. ते दोन हजार वाचवा.

मकरंद (१०२): मी तर म्हणेन तात्काळच करा. रिस्क नको. सिंगापूरचा व्हिसा प्रवासाच्या आधीच्या ३० दिवसांतच टाकतात. म्हणजे १० नोव्हेंबरपर्यंत नवा नंबर माझ्या हातात पाहिजे.

प्राजक्ता (५०१): तात्काळला तीन पुरावे मागतात आणि काकांच्या आधारवर जुना पत्ता आहे. उगाच गुंता. मकरंददादा, व्हिसा मल्टिपल एंट्रीच येतोय ना, ते तू बघ. पेनांगहून परत सिंगापूरलाच उतरायचं म्हणजे दुसरा प्रवेश झाला.

मकरंद (१०२): ते मला माहीत आहे. पहिली क्रूझ नाही ही माझी.

रोहन (२०३): दुसरी. पहिलीचा हिशोब पण बाकी 🙊

मकरंद (१०२): रोहन, तुला यायचं नसेल तर सांग, वेटिंगवर दोघं आहेत.

नेने काका (३०४): सर्वांनी माझा पासपोर्ट बघून घ्यावा, कोणते पान झेरॉक्स करायचे ते कळेल. 👇
📷 फोटो
📷 फोटो

प्राजक्ता (५०१): काका!! डिलीट करा आधी. नंबर, जन्मतारीख, सही, सगळं दिसतंय. या ग्रुपमध्ये ब्रोकर आणि दोन जुने भाडेकरूसुद्धा आहेत.

नेने काका (३०४): केले डिलीट.

प्राजक्ता (५०१): काका, तुमच्या मोबाइलवरून गेलं. आम्हाला अजून दिसतंय. तुम्ही "डिलीट फॉर मी" दाबलंत.

नेने काका (३०४): मला दिसत नाही. गेले आहे.

प्राजक्ता (५०१): साठेकाका, तुम्ही ॲडमिन आहात. तुम्ही सगळ्यांसाठी काढू शकता. प्लीज.

*हा मेसेज ॲडमिन साठे यांनी डिलीट केला.*
*हा मेसेज ॲडमिन साठे यांनी डिलीट केला.*

साठे, सेक्रेटरी (४०१): काढले. पुनश्च विनंती, वेगळा ग्रुप करावा.

रोहन (२०३): नेने काका, तेवढ्यात दिसलं म्हणून विचारतो. तुमचा तर २०३१ ला संपतोय. तुम्हाला सवलत कशावर हवीय?

नेने काका (३०४): मला नको. लोकांना माहिती असावी. ६० वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना १० टक्के सवलत.

प्राजक्ता (५०१): काका, ती सवलत पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्यांना आहे. साठीच्या वरचे आणि आठ वर्षांच्या आतले. रीइश्यूला मिळत नाही.

सुलभा कुलकर्णी (४०२): पत्त्याचं काय ते सांग गं. लाइट बिल अजून बिल्डरच्या नावावर. तेही सोसायटीने बदलून द्यायचं होतं. ह्यांचं पेन्शनचं खातं सहकारी बँकेत आहे, त्याचं फोटोवालं पासबुक आहे नवीन पत्त्याचं.

प्राजक्ता (५०१): सहकारी बँकेचं पासबुक यादीत नाही काकू. सरकारी बँक, खासगी शेड्यूल्ड बँक किंवा ग्रामीण बँक लागते.

शिंदे (५०४): हे मात्र अजब आहे. अर्धा महाराष्ट्र सहकारी बँकेत आणि पासपोर्टला ती चालत नाही.

गोखले आजोबा (१०१): सहकाराचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

मकरंद (१०२): माझ्या ओळखीचा एजंट आहे. पाच हजार घेतो, सगळं करतो.

प्राजक्ता (५०१): काय सगळं? बोटांचे ठसे पण तोच देणार का? केंद्रावर काकांनाच जावं लागेल. फॉर्म मी संध्याकाळी येऊन भरून देते. फक्त पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन याच साइटवर. गुगलवर वर येणाऱ्या भलत्या साइटवर पैसे भरू नका कोणी.

साठे, सेक्रेटरी (४०१): पत्राबाबत माझी भूमिका आधी स्पष्ट केली आहे. एक तिमाही भरल्यास विचार करता येईल.

सुलभा कुलकर्णी (४०२): विचार करता येईल! आमच्या घरावर उपकारच. तुमच्या पत्रासाठी मी गळतीचा मुद्दा सोडणार नाही. क्रूझ गेली खड्ड्यात.

पाटील वहिनी (३०१): असं नका म्हणू हो वहिनी. आपण एकत्र जाणार म्हणून तर मी हो म्हटलं.

प्राजक्ता (५०१): एक मिनिट. काकू, तुमचा पासपोर्ट कधीचा?

सुलभा कुलकर्णी (४०२): माझा इथे आल्यावरच केला. तीन वर्षं झाली असतील. भाचीच्या लग्नाला दुबईला गेले होते तेव्हा.

प्राजक्ता (५०१): त्यावर इथला पत्ता आहे? शेवटच्या पानावर पती म्हणून काकांचं नाव आहे?

सुलभा कुलकर्णी (४०२): थांब बघते.
हो. दोन्ही आहे. ४०२, बी विंग.

प्राजक्ता (५०१): मग झालं काम! जोडीदाराच्या पासपोर्टवर तोच पत्ता आणि अर्जदाराचं नाव असेल तर तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स आणि ओरिजिनल न्या. सोसायटीच्या पत्राची केंद्रावर गरजच नाही.

सुलभा कुलकर्णी (४०२): साठे साहेब, वाचलंत का?

साठे, सेक्रेटरी (४०१): 👍

शिंदे (५०४): पत्ता बदलतोय म्हणजे पोलीस व्हेरिफिकेशन मात्र होईल असं धरा. गणपतीच्या आत उरकलं तर बरं. एकदा बंदोबस्त लागला की विसर्जनापर्यंत तिथे तुमची फाइल कोण उघडणार?

सुलभा कुलकर्णी (४०२): आणि पोलीस शेजारी विचारायला आले तर ४०१ चं दार वाजवणार. आनंद आहे.

साठे, सेक्रेटरी (४०१): मी खरे तेच सांगेन. कुलकर्णी येथे राहतात.

अविनाश कुलकर्णी (४०२): धन्यवाद.

रोहन (२०३): काका बोलले!! 😀😀

शिंदे (५०४): अजून एक. पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो आणि ज्याचा त्याच्याच हातात देतात. गेल्या वर्षी माझ्या मुलाचा आला, तो घरात होता आणि गेटवरून सांगितलं की "फ्लॅट बंद आहे". पोस्टमन गेला परत. मुलाला पोस्टात खेटे घालावे लागले. गेटवर नीट सूचना लावा, हे काम सोसायटीचंच आहे.

साठे, सेक्रेटरी (४०१): नोंद घेतली. इंटरकॉम केल्याशिवाय पोस्टमनला परत पाठवू नये अशी सूचना वॉचमनला देतो.

शिंदे (५०४): इंटरकॉम बंद आहे मे महिन्यापासून.

साठे, सेक्रेटरी (४०१): मग मोबाइलवर.

पाटील वहिनी (३०१): मेहुण्यांच्या जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे, त्यांचंही करायचंय. नवीन काढला की तो वाया जातो का गं प्राजक्ता?

प्राजक्ता (५०१): नाही. जुना रद्दचा शिक्का मारून परत देतात. व्हिसाची मुदत असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे.

नेने काका (३०४): 🙏 *महत्त्वाची माहिती* 🙏 ६० वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना पासपोर्ट शुल्कात

रोहन (२०३): काकाऽऽऽ

*मंगळवार*

प्राजक्ता (५०१): काल काकांचा फॉर्म भरला. गुरुवार सकाळी ९:४५, मुंढव्याचं पासपोर्ट केंद्र. ओरिजिनल जुना पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची सही केलेली झेरॉक्स, काकूंचा पासपोर्ट, आधार. फोटो तिथेच काढतात. ए, बी, सी अशी तीन काउंटर होतात, टोकनवर लक्ष ठेवा. बाहेर पडायच्या आधी पावतीवरचं नाव, स्पेलिंग आणि पत्ता नीट वाचा.

सुलभा कुलकर्णी (४०२): प्राजक्ता, तुला पुरणपोळ्या. मकरंद, नवा नंबर आला की टूरवाल्यांकडे बदलून घ्यायचं काम तुझं. जुना नंबर कुठे राहायला नको, तिकिटावर पण नको.

मकरंद (१०२): करतो वहिनी. मी ग्रुपसाठी एवढं धावतो ते दिसत नाही, एक पीडीएफ राहिली ती दिसते.

सुलभा कुलकर्णी (४०२): दिसतं रे. कोण नाही म्हणतंय. गुरुवारी मुंढव्याला कोणाची गाडी जाते का? ह्यांना रिक्षात कंबर धरते.

मकरंद (१०२): मी खराडीला जातो, वाटेतच आहे. सव्वाआठला गेटवर या दोघं. साडेआठ नाही, सव्वाआठ.

सुलभा कुलकर्णी (४०२): येतो. पेट्रोलचे किती झाले ते सांग.

मकरंद (१०२): काही नको.

रोहन (२०३): घे दादा, आणि हिशोब त्याच दिवशी टाक. पीडीएफ नको, इथेच लिही.

मकरंद (१०२): गुहागर टाकतो संध्याकाळी. शिंदेंचे ६४० रुपये येणं आहे, ते पण त्यात दिसतील.

शिंदे (५०४): माझे कुठून निघाले? मी तर जेवलो पण नव्हतो त्या रात्री.