कासाब्लांकाचा राजा राहिलाच की

वर कोणीतरी लिहिलंय की उत्तर आफ्रिकेच्या फुटबॉलमध्ये इजिप्तचा अल अहली क्लब सोडला तर बाकी सगळी खोगीरभरती, पण मग मोरोक्कोचा ‘राजा कासाब्लांका’ क्लब कुठे गेला राव? (आपला राजा नाही हं, अरबीत ‘राजा’चा अर्थ आशा.) १९४९चा क्लब, आफ्रिकन चॅम्पियन तीनदा, १९८९, ९७ आणि ९९. पण खरी मजा २०१३च्या क्लब वर्ल्ड कपची, यजमान देशाचे चॅम्पियन म्हणून एंट्री मिळाली आणि पठ्ठ्यांनी ऑकलंड, मॉन्टेरे या टीमना हरवत सेमीत ब्राझीलचा स्टार रोनाल्डिन्होच्या अॅटलेटिको मिनेरोला ३-१ने लोळवलं, वर मॅच संपल्यावर रोनाल्डिन्होचेच बूट आठवण म्हणून काढून घेतले! फायनलला जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून २-० हरले, ते चालायचंच. शिवाय २०२३-२४ची मोरोक्कोची लीग एकही मॅच न हरता जिंकलीये.