मदत हवी आहे: चर्चचे नवे वडील नेमण्याआधी ओझ्याची कल्पना कशी द्यावी?

नमस्कार, आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) तीन नवे वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारे पुढारी, नेमायचे आहेत. बायबलमधल्या 1 तीमथ्य 3 मधली पात्रतेची यादी सगळे वाचतात. घरावर येणाऱ्या भाराबद्दल मात्र कुणी बोलत नाही. रात्री अकराला फोन वाजतो, ताटावरून उठून दवाखाना गाठावा लागतो, ऐकलेलं गुपित बायकोलाही सांगता येत नाही. 2 करिंथ 11:28 मध्ये प्रेषित पौल फटके, तुरुंग सगळं मोजून झाल्यावर मंडळ्यांची रोजची चिंता सांगतो, ते उगाच नाही.

सध्याचा आराखडा असा: सहा महिने जुन्या वडिलांबरोबर घरभेटी, जोडीदाराशी स्वतंत्र बोलणं, मगच हात ठेवणं, म्हणजे प्रत्यक्ष नेमणूक (1 तीमथ्य 5:22 घाई नको म्हणतं). निर्गम 18 (मोशेने दहा-दहांवरही नायक नेमले) धरून प्रत्येकाकडे साधारण दहा कुटुंबं. घोडं अडतं ते इथे: कुठलं प्रकरण कुणाकडे हे लेखी नाही, त्यामुळे शेवटी सगळे पाळकांच्याच (पास्टरांच्याच) दारात. दानपेटी एकट्याने मोजायची नाही, एवढंच काय ते कागदावर आहे.

तुमच्याकडे हे वाटप कसं लिहिलंय? सेवेची मुदत दोन वर्षं ठेवता की तीन? आणि वडिलांविरुद्ध तक्रार करणारी बाई एकटीच असेल, तर 1 तीमथ्य 5:19 चे दोन-तीन साक्षीदार कसे धरता?