चीनमधल्या छोट्या गावात ६ महिने, राहणं कसं असतं?

पावरलूमवाला:
नमस्कार मंडळी, कंपनी नोव्हेंबरपासून ६ महिने चीनला पाठवतेय, मशीनच्या ट्रेनिंगला. गाव दातांग, झेजियांग प्रांतात झूजी शहराजवळ, मोज्यांसाठी प्रसिद्ध आहे म्हणे. शांघायबद्दल नेटवर ढीगभर सापडतं पण असल्या गावाबद्दल काहीच नाही. मी अंडी खातो, मटण-मासे नाही. जेवणाचं काय, घरी फोन कसा करायचा, आणि आई विचारतेय तिथे पाणी उकळून पितात का??

सुईदोरा:
दीड वर्ष काढलंय तिथे. गाव म्हणजे शेतं वगैरे डोक्यातून काढ, सगळीकडे मोज्यांचे कारखाने, सूतवाले, पॅकिंगवाले, रस्ताभर टेम्पो. इचलकरंजीचा असशील तर दोन दिवसात रुळशील. आईला सांग उकळलेलंच पितात आणि गरम गरमच, भर उन्हाळ्यात हॉटेलात बसलं तरी गरम पाणी समोर येतं.
खरा त्रास थंडीचा बघ. सरकारी हीटिंग फक्त उत्तरेकडे, यांग्त्से नदीच्या खाली नाहीच, त्यामुळे जानेवारीत बाहेर ४-५ डिग्री आणि घरात पण जवळपास तेवढंच, वर दमट हवा, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, मी घरात जाकीट घालून जेवायचो. इलेक्ट्रिक ब्लँकेट पहिल्याच आठवड्यात घे. जेवणाच्या वेळा पण लवकरच्या, दुपारी साडेअकराला, मग कारखान्यात जो तो टेबलावर डोकं टाकून झोपतो (पुणेकरांना आवडेल), आणि संध्याकाळी सहाला रात्रीचं जेवण. आठनंतर चौकात स्पीकर लावून काकू लोकांचा नाच, तीच करमणूक.

कृष्णाकाठची:
आम्ही शेजारी केचियाओला होतो, मिस्टर कापडाच्या धंद्यात. "वो छ्र सू" पाठ करा, म्हणजे मी शाकाहारी. तरी भाजीत डुकराचा खिमा चिमूटभर टाकतातच, त्यांच्या मते ते मटण नाही चवीपुरतं आहे!! टोमॅटो-अंड्याची भाजी मात्र कुठेही मिळते, तीच तारेल तुम्हाला. तूरडाळ दातांगला शोधू नका, केचियाओला भारतीय व्यापारी खूप आहेत त्यामुळे किराणा आणि हॉटेलं तिथे मिळतील. हिंग आणि कुकर इथूनच न्या, पण साधा अॅल्युमिनियमचा नको, तिथे भाड्याच्या खोलीत बऱ्याचदा इंडक्शन असतं, त्यावर तो तापतच नाही. माझा सहा महिने तांदळाचा डबा म्हणून वापरला.

नटबोल्ट:
व्हॉट्सअॅप, गुगल बंद असतं. भारतातलं सिम रोमिंगवर ठेवलं तर चालतं पण बिल बघून रडशील. वीचॅटवर (चिनी मेसेजिंग अॅप) भारतात २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे घरच्यांशी बोलायला त्याचा भरवसा धरू नकोस, आणि तिथे स्वतःसाठी घेतलंस तरी नवीन अकाउंटला बहुतेक वेळा जुन्या वापरणाऱ्याने स्कॅन करून द्यावं लागतं. अलीपेला (तिकडचं पैसे भरायचं अॅप) कार्ड पण इथूनच जोड, भाजीवाली आजी पण क्यूआरच दाखवते, आपल्यासारखंच. २०० युआनच्या वरच्या पेमेंटला परदेशी कार्डावर ३ टक्के कापतात म्हणून मोठं बिल असेल तर तुकडे करून देत जा. आणि हॉटेलात न राहता खोली घेतलीस तर २४ तासात पोलिस चौकीत नोंद, हॉटेलवाले स्वतः करतात.

पावरलूमवाला:
आभार सगळ्यांचे. कुकर अॅल्युमिनियमचाच निघाला, आई आता स्टीलचा आणायला निघालीये. सुट्ट्या किती असतात?

सुईदोरा:
चिनी नवीन वर्षाला, जानेवारी शेवट किंवा फेब्रुवारीत. कामगार सगळे बाहेरच्या प्रांतातले, गावाला जातात, कारखाने दोन-तीन आठवडे बंद आणि जेवणाच्या टपऱ्या पण बंद. तेव्हा ट्रेनिंग होणार नाही, कंपनीला आत्ताच विचार आणि डाळ-तांदूळ भरून ठेव.