अमेरिकन फुटबॉल : ब्लिट्झशिवाय, केवळ चौघांच्या बळावर क्वार्टरबॅकवर दबाव कसा आणावा?

प्रश्न – मैदानमित्र

नमस्कार. अमेरिकेतील एका हायस्कूलच्या संघाचा मी सहायक प्रशिक्षक असून येत्या हंगामात डिफेन्सिव्ह लाइनची, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीची, जबाबदारी माझ्याकडे आहे. आम्ही ४-३ रचना खेळतो, म्हणजे पुढच्या फळीत चौघे (मध्ये दोन टॅकल, कडांना दोन एंड) आणि त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर. धावेचा हल्ला आमची मुले बऱ्यापैकी रोखतात. परंतु प्रतिस्पर्ध्याने पास खेळायचे ठरवले की त्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूला, पॉकेटमध्ये (त्याच्या संरक्षकांनी राखलेल्या जागेत) निवांत उभे राहून मैदान न्याहाळायला भरपूर वेळ मिळतो. लाइनबॅकरला ब्लिट्झसाठी, म्हणजे चौघांबरोबर क्वार्टरबॅकवर चढाईला, पाठवले तर मधला भाग मोकळा पडतो आणि तिथेच छोटा पास जातो. मुलांकडे ताकद आहे, वजनही आहे. तेव्हा सरावात नेमका कशावर भर द्यावा?

उत्तर – तिसरा डाऊन

आपण ताकद आणि वजन यांचा उल्लेख केलात, पहिल्या पावलाचा मात्र केला नाहीत, आणि माझ्या मते अडचणीचे मूळ बहुधा तिथेच आहे. एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये स्नॅपनंतर (चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिल्यावर) तो सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास क्वार्टरबॅकच्या हातातून सुटतो. त्यामुळे जो लाइनमन स्नॅपवर अर्धा सेकंद उशिरा उठतो, तो पुढे कितीही बलवान ठरला तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

यासाठी काठीचा जुना सराव अजूनही उत्तम आहे. काठीच्या टोकाला चेंडू बांधून तो जमिनीवर ठेवावा, चौघांना थ्री-पॉइंट स्टान्समध्ये (एक हात जमिनीला टेकवून) बसवावे, तोंडाने क्वार्टरबॅकसारखे खोटे पुकारे देत राहावे आणि मधेच काठी ओढावी. जो आवाजावर उठतो त्याच्यामुळे सामन्यात ऑफसाइडची ५ यार्डांची शिक्षा बसणार. चेंडूवर नजर ठेवणाराच वेळेवर निघतो. हे चालू असताना आपले लक्ष मुलांच्या पायांवर असू द्यावे. पुष्कळ मुले निघण्यापूर्वी पुढचा पाय किंचित मागे ओढतात किंवा पहिल्याच पावलाला सरळ उभी राहतात, आणि स्टान्समध्ये कमावलेला सगळा जोर तिथेच वाया जातो.

त्यानंतर हात. वजनदार मुलांना छातीने धडकण्याची सवय असते, आणि छाती समोर आली की गार्डला, म्हणजे समोरच्या ब्लॉकरला, दोन्ही हातांचे पंजे रोवायला आयती जागा मिळते. ब्लॉकरच्या मधोमध न शिरता त्याच्या एका खांद्यावर जावे, त्याचे हात पोहोचण्याआधी त्याचे मनगट किंवा कोपर बाजूला सारावे आणि लगेच आपली कंबर व पायांचे पंजे क्वार्टरबॅकच्या दिशेने वळवावेत. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. हात सुटतात, पण शरीर बाजूच्या रेषेकडेच धावत राहते.

प्रत्येक मुलाला पाच-सहा चाली शिकवण्याच्या मोहात कृपया पडू नये. एक मुख्य चाल आणि तिला जोडलेला एक प्रतिडाव एवढे पुरे. एनएफएलचे गाजलेले एंड रेजी व्हाइट बाहेरच्या बाजूने इतक्या वेगाने चढाई करीत की समोरच्या ब्लॉकरला (आक्रमणाच्या टॅकलला) आपला भार बाहेर टाकावाच लागे; तो भार सरकला की ते आतल्या हाताने त्याला उचलून बाजूला फेकत आणि आतून शिरत. बाहेरच्या वेगाची धास्ती नसती तर आतला डाव इतका चाललाच नसता.

उत्तर – चौथी फळी

वरील उत्तराशी मी सहमत आहे; पण चौघेही उत्तम सुटले आणि प्रत्येक जण आपल्या मनाप्रमाणे धावला, तरी क्वार्टरबॅक मधल्या फटीतून पुढे निघून जातो. दोन्ही एंडनी बाहेरची बाजू बंद करावी आणि दोन्ही टॅकलनी मधून पॉकेट मागे ढकलावे. मधून ढकलणारे कोणी नसेल तर क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकतो आणि दोन्ही एंड त्याच्या पाठीमागून निघून जातात. एंडसाठी एक खूणगाठ असावी : क्वार्टरबॅक साधारण ७ यार्ड मागे उभा असेल, तर त्या खोलीच्या पलीकडे बाहेरून पळणे व्यर्थ आहे, तिथे पोहोचण्यापूर्वीच आत वळले पाहिजे.

केवळ चार जणांचा दबाव काय करू शकतो, हे पाहायचे असेल तर फेब्रुवारी २००८ मधला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, पाहावा. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्या मोसमाच्या १६ साखळी सामन्यांत ५८९ गुण केले होते आणि अंतिम सामन्यापर्यंत ते अपराजित होते. न्यू यॉर्क जायंट्सने त्यांना १७-१४ असे हरवले आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला ५ वेळा सॅक केले, म्हणजे पास फेकण्यापूर्वीच पाडले. जायंट्सचे बचाव प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांनी ब्लिट्झही वापरला, पण खरा भार पुढच्या फळीवर होता. पासच्या डाऊनला (डाऊन म्हणजे १० यार्ड पार करण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक) ते जस्टिन टक या चपळ एंडला आत, गार्डसमोर उभे करीत. आपल्याकडे तिसरा चांगला एंड असेल तर हा प्रयोग अवश्य करावा. टॅकल आणि एंड यांनी जागा अदलाबदल करणारे स्टंटही सुरू करावेत.

मैदानमित्र

दोघांचेही आभार. पहिल्या पावलाबद्दलचे निरीक्षण आमच्या चित्रफितींशी जुळते. आमचे दोन्ही टॅकल स्नॅपवर सरळ उभेच राहतात. आणखी एक शंका आहे. आमच्याकडे काही मुले आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही बाजूंनी खेळतात आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचा जोर उतरलेला असतो.

उत्तर – शांत स्नॅप

मग स्टंटची घाई करू नये, एवढाच माझा मतभेद. स्टंटमध्ये आधी जाणाऱ्याने ब्लॉकरला खरोखर धडकून गुंतवले नाही, तर मागून येणारा मोकळ्या जागेऐवजी दुसऱ्याच्या पाठीत शिरतो, आणि त्याच वेळी धाव खेळली गेली तर दोन गॅप (ब्लॉकरांमधल्या फटी) एकदम उघडे पडतात. थकलेल्या मुलांकडून तर हे हमखास घडते. आधी चौघांनी आपापली वाट सांभाळायला शिकावे. स्टंट त्यानंतर, आणि तोही तिसऱ्या डाऊनला अंतर मोठे असताना.

दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्या मुलांना बचावाच्या पहिल्या दोन डाऊनना जमेल तेवढी विश्रांती द्यावी आणि पासच्या डाऊनसाठी राखून ठेवावे. राखीव मुलगा कौशल्यात थोडा कमी असला तरी ताजा असतो, आणि आपला गॅप धरण्याचे एकच काम तो नीट करू शकतो.

एक गोष्ट अद्याप कोणी मांडली नाही. क्वार्टरबॅकची पहिली पसंती मोकळी असेल तर चेंडू दीड सेकंदात जातो, आणि तिथे कोणतीही लाइन पोहोचू शकत नाही. कॉर्नरबॅकनी (मागच्या फळीतील कडेच्या बचावपटूंनी) रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, पहिल्या काही यार्डांत अडवून क्वार्टरबॅकला दुसऱ्या पर्यायाकडे पाहायला लावले, तर आपल्या लाइनला हवा असलेला वेळ मिळेल. म्हणून मागच्या फळीच्या प्रशिक्षकांबरोबर बसूनच चित्रफीत पाहावी.

नोंदी ठेवताना केवळ सॅक मोजू नयेत. एनएफएलने सॅकची वैयक्तिक नोंद १९८२ पासून अधिकृत केली, तेव्हापासून तोच आकडा सर्वांच्या तोंडी असतो. पण क्वार्टरबॅकला जागा सोडावी लागली, घाईने चेंडू फेकावा लागला किंवा लाइनमनच्या उंचावलेल्या हाताला चेंडू लागला, हेही लाइनचेच यश आहे. प्रत्येक पासमागे कोणी, कोणत्या बाजूने, किती वेळात क्वार्टरबॅकला हलवले एवढे लिहीत गेलात, तर कोणत्या मुलाला एंडवरून आत आणायचे, हे त्या नोंदींवरूनच ठरवता येईल.