प्रभुभोजनाला कुणी यायचं, ते कोण ठरवणार?

होटगी_रोडचा_उपासक
सर्वांना सलाम. काल इथं एका भावांनी लिहिलं की समलिंगी माणसाला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जागा द्या म्हणणाऱ्यांनी प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाला हात लावू नये. गप्प बसणार होतो, पण खाली ‘आमेन’ची रांग बघून राहवलं नाही.

घटस्फोटाविरुद्ध प्रभू येशू स्वतः बोललाय. बायबलात मत्तय १९ काढा. तरी घटस्फोटितांची दुसरी लग्नं आपल्या मंडळ्यांत लागतात आणि आपण जाऊन जेवून येतो. (लागावीतच.) ख्रिस्ती घटस्फोटाच्या १८६९च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं, बायकोला त्याला जोडून छळ नाहीतर सोडून गेल्याचंही सिद्ध करावं लागे. २००१ला ते बदललं. कुणाचा विश्वास बुडाला? समलिंगी संबंधांवर चारही शुभवर्तमानांत प्रभूचा एक शब्द नाही, आणि तिथं आपण दारात काठी घेऊन उभे! समलिंगींना नावं ठेवताना ज्या सदोम शहराचा दाखला देतात, त्याचं पाप काय, ते यहेज्केल १६:४९मध्ये वाचा. गर्व, पोटभर अन्न आणि गरिबाला हात न देणं. यात आपल्यातले किती बसतात बघा.

लेवीय_२०
मत्तय १९ तुम्हीच काढलात, मग चौथं वचन का गिळलं? देवानं माणसं ‘नर व नारी’ अशी केली, ते तिथंच आहे. आणि असल्या संबंधांना पाप म्हणणारा, पौलाच्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय नव्या करारातलाच ना? पौल फाडून टाकायचा का? २०१८ला सुप्रीम कोर्टानं कलम ३७७मधला समलिंगी संबंधांचा गुन्हा काढला, पाप काढलं नाही. समलिंगी लग्नाला तर त्याच कोर्टानं २०२३ला नाही म्हटलं.

शेंगाचटणी
कोर्टाला मध्ये कशाला आणता? आपल्या आजा-पणजांना बायबल शिकवणारी अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल लोकांची. तिकडच्या त्या मंडळ्या बहुतेक पुढं युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये गेल्या. त्यांनी १९७२ला उघड समलिंगी असलेल्या माणसाला पाळकपदाची दीक्षा दिली, २००५ला समलिंगी लग्नाला पाठिंबा दिला. आईच बदलली, लेकरं अजून जुन्या पाढ्यावर.

मंगळवार_पेठ
मिशनचं नाव निघालंच आहे तर जागांचं बोला. बंगल्यांची कौलं गेली, कंपाउंडला गाळे निघाले. भाडं कुठं जमा होतं? पावती कुणी बघितली?

शेंगाचटणी
विषय काय, तुम्ही बोलताय काय!

मंगळवार_पेठ
हाच विषय. पाप शोधायचं तर आधी हिशोबाच्या वहीत शोधा. मागच्या सभेत मी विचारलं तर माईक बंद केला.

लेवीय_२०
माईक बंद नव्हता केला, लाइट गेली होती.

मंगळवार_पेठ
तुमच्या बाजूची लाइट बरी चालू होती! तुमचे मेव्हणे कमिटीवर आहेत, माहितीये सगळ्यांना.

लेवीय_२०
घरच्यांवर जायचं काम नाही बे.

सेटलमेंटची_नात
भांडा निवांत. आमचे आजोबा सेटलमेंटमधले, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्यांना ठेवायची वसाहत. तारेचं कुंपण, हजेरी दिल्याशिवाय बाहेर पाय नाही. जन्मानंच चोर, असं सरकारी कागदावर. ३१ ऑगस्ट १९५२ला शिक्का पुसला, पण आमच्या घरी सोयरीक आली की मंडळीतल्या बायका अजून कुजबुजतात. कुणाला जन्मावरून बाहेर काढायची भाषा ऐकली की मला आजोबा आठवतात.

लेवीय_२०
ताई, आजोबांबद्दल आदर आहे. पण जमात आणि कृती एक कशी? चोर नसताना चोर म्हटलं, तो अन्याय. इथं माणूस स्वतः सांगतो मी असा आहे.

पेटीवाल्याची_बहीण
त्यानं स्वतः सांगितलं, तीच तर चूक झाली. माझा भाऊ उपासनेला पेटी वाजवायचा. घरी कळल्यावर बाहेरगावच्या एका प्रार्थनावाल्यांकडं नेलं. उपास धरायला लावला, पाणीसुद्धा नाही. कपाळावर तेल ओतून डोकं दाबून धरलं आणि ‘निघ, निघ’ म्हणून ओरडत राहिले. ओठ फुटलेले त्याचे. शेवटी ‘निघालं’ म्हणाला, कारण त्याला घरी यायचं होतं. आता पुण्यात असतो. नाताळात रात्रीच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो, आईच्या हातचं जेवतो, सकाळच्या हुतात्मानं परत. चर्चकडं फिरकत नाही. आमच्याकडं आता गायनाला पेनड्राइव्ह लावतात, आणि दुसऱ्या कडव्याला अख्खी मंडळी ट्रॅकच्या मागं राहते.

शेंगाचटणी
यावर कुणी ‘आमेन’ म्हणेल का?

लेवीय_२०
टोमणा कळला. पोराचा छळ झाला तो चूकच. तेल ओतून कुणी बदलत नाही, एवढं मान्य, घ्या लिहून. पण वेदीपुढं दोन पुरुषांचं लग्न मला पटणार नाही. आणि पाळक म्हणून तर नाहीच.

होटगी_रोडचा_उपासक
लग्न मागितलं कुणी? बाकावर बसायची जागा मागतोय. व्याजानं पैसे देणारे पुढच्या बाकावर बसतात, त्यांना व्याज घेऊ नये सांगणारं स्तोत्र १५ कधी वाचून दाखवलंत?

लेवीय_२०
बसू दे की, बाक माझ्या बापाचा नाही. पण गप्प बसावं.

पेटीवाल्याची_बहीण
गप्प तो आधीपासूनच होता. पेटी वाजवायचा.

मंगळवार_पेठ
बाकाचं मिटलं असेल तर भाड्याचं घ्या. वार्षिक सभेत हिशोब मागणार आहे. समलिंगी असोत, घटस्फोटित असोत, सेटलमेंटचे असोत, मला हात वर करणारी माणसं पाहिजेत. कोण कोण येतंय?