टोचताना बाळ आईजवळच असावे

बाळाला दीड महिन्याची लस देताना आईने बाहेर थांबावे का, असा प्रश्न पडतो. माझ्या मते मुळीच थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशींनुसार, बाळाला टेबलावर आडवे न निजवता पालकांनी मांडीवर धरावे आणि शक्य असल्यास टोचण्याच्या थोडे आधी किंवा टोचतानाच अंगावर पाजावे. रोटाव्हायरसच्या (जुलाबांपासून बचाव करणाऱ्या) तोंडावाटे देण्याच्या लसीचे थेंब गोड असतात, म्हणून ते सुईच्या आधी द्यावेत, अशी सिस्टरांना विनंती करावी. माझी लेक व्यवस्थित लुचू लागल्यावरच सिस्टरांनी तिच्या मांडीत सुई टोचली. तिने पाय आखडून एकदाच टाहो फोडला आणि क्षणभराने पुन्हा पिऊ लागली. (रडलो ते आम्हीच.) पॅरासिटामॉल मात्र आधीच पाजून नेऊ नये.