थिसिस सल्ला: ६० रुग्ण, १२० डोळे. n (नमुन्याची संख्या) किती धरायचा?

नेत्र_पीजी:
नमस्कार. नेत्रविभागात पीजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थिसिस काचबिंदूच्या दोन थेंबांच्या तुलनेवर, गटात ३०-३० रुग्ण, दोन्ही डोळ्यांत तेच औषध. गाईड सर म्हणतात, १२० डोळे लिही. मागच्या बॅचच्या थिसिसांतही तसंच आहे. पण ज्याच्या उजव्या डोळ्याचा दाब २६, त्याच्या डाव्याचा २५ निघतो. ही दोन वेगळी निरीक्षणं कशी? शिवाय दृष्टी ६/१२, ६/१८ अशी नोंदली आहे, तिची सरासरी कशी काढू?

आकडेशास्त्र_कोल्हापूर:
शंका अगदी रास्त आहे, सोडू नका. साधी टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) प्रत्येक आकडा स्वतंत्र आहे असं धरून चालते. इथे दोन्ही डोळे एकाच शरीराचे, आणि थेंब टाकायला विसरला तर तो दोन्हीकडे विसरतो. दाबाच्या उतारात दोन डोळ्यांचा सहसंबंध ०.७ धरला, तर १२० भागिले १.७, म्हणजे साधारण ७० स्वतंत्र डोळ्यांइतकीच माहिती तुमच्या हातात आहे. १२० धरलेत तर पी व्हॅल्यू (फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) उगाच लहान येईल, नसलेला फरक 'सिद्ध' होईल, आणि काचबिंदूचा रुग्ण तो महागडा थेंब जन्मभर घालत बसेल. मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

हे नवीन नाही. संख्याशास्त्रज्ञ रोझनर यांनी १९८२ मध्येच 'बायोमेट्रिक्स' या नियतकालिकात यावर पद्धत मांडली. ब्रिटनच्या ऑफ्थॅल्मिक स्टॅटिस्टिक्स ग्रुपने २०१४ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी'त छोट्या टिपा सुरू केल्या, त्यातली पहिलीच याच प्रश्नावर आहे. ती छापून सरांपुढे ठेवा. सर मोकळ्या मनाचे असतील तर तेवढ्यावर काम होतं.

करायचं काय, तर सगळ्यात सोपं म्हणजे रुग्णामागे एकच डोळा घ्या. कोणता, ते मोजणीआधीच ठरवा: सगळ्यांचा उजवा, नाहीतर चिठ्ठी टाकून. 'जास्त दाबाचा डोळा' मात्र नको. दाब दिवसागणिक वरखाली होतो. त्या दिवशी चढलेला पुढच्या भेटीत औषधाविनाही थोडा उतरतो, आणि दोन्ही गटांत उतार फुगलेला दिसतो. दोन्ही डोळे वाया घालवायचे नसतील तर मिक्स्ड मॉडेल लावा, रुग्ण रँडम इफेक्ट म्हणून; म्हणजे एकाच रुग्णाचे दोन डोळे एकमेकांशी जोडलेले आहेत हे हिशेबात धरलं जातं. 'आर' या संगणक प्रणालीत ते फुकट होतं.

ऑप्टोम_पुणे:
दृष्टीचं मी सांगते. ६/६ आणि ६/६० हे दशांशात १ आणि ०.१. सरासरी ०.५५, म्हणजे जवळपास ६/११. तेच लॉगमारमध्ये (दृष्टीची लॉगरिथमवर आधारित मोजपट्टी) ० आणि १, सरासरी ०.५, म्हणजे ६/१९. केवढा फरक! आधी प्रत्येक नोंद लॉगमारमध्ये बदला, मग सरासरी काढा. बोटं मोजणं, हात हलवणं अशा (तक्ता वाचू न शकणाऱ्यांच्या) नोंदी सरळ सरासरीत घालू नका, त्या वेगळ्या दाखवा.

नेत्र_पीजी:
ताई, सर, मनापासून आभार. आणखी एक: काही रुग्णांचा दाब एनसीटीवर (हवेच्या झोताने मोजणारं यंत्र) घेतलाय, काहींचा गोल्डमनवर (डोळ्याला टेकवून मोजणारं यंत्र). तीसेक जणांचा दोन्हींवर आहे, त्यात कोरिलेशन (सहसंबंध) ०.९ आलं. मग एकत्र धरू ना?

आकडेशास्त्र_कोल्हापूर:
नाही. एक यंत्र कायम ४ मिमी (पाऱ्याचे) जास्त दाखवत असलं तरी कोरिलेशन ०.९ येऊ शकतं. त्या तीस जणांचा ब्लँड-ऑल्टमन आलेख (प्रत्येक रुग्णात दोन यंत्रांच्या आकड्यांत किती फरक आहे ते दाखवणारा) काढा, १९८६ ची 'लॅन्सेट'मधली पद्धत. फरकाची सरासरी आणि ९५ टक्के फरक ज्यांत बसतात त्या मर्यादा इथे टाका, मग बघू. आणि उरलेल्या रुग्णांचा पुढच्या भेटीतला दाब पहिल्या वेळच्याच यंत्रावर घ्या, आजपासूनच.